आकाशांतील दोन आंकडे



छंद म्हटला म्हणजे पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं किंवा आगपेट्यांवरील चित्रें गोळा करणें एवढेंच बहुधा आपल्या डोळ्यांपुढें येतें. ह्या सर्व छंदांत गोळा केलेली वस्तु आपल्या पेटींत येऊन पडते व आपली होते. परंतु जगांत असाही एक छंद आहे कीं, ज्यांत हातांत कांहींच येत नाहीं. छांदिष्ट मनुष्य तासन् तास आकाशाकडे डोळे लावून बसतो, शेजारीं एक लहानसें बिनतारी यंत्र ठेवितो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या वहींत दोन आंकड्यांची एक जोडी उतरली, तर तो दिवस सार्थकीं लागला असें मानतो. त्यांपैकीं एक आंकडा विमानाच्या शेपटीवर किंवा अंगावर रंगविलेला असतो. दुसरा त्या विमानांतील यंत्र अदृश्य लहरींवरून उच्चारीत असतें. लष्करी विमानांच्या बाबतींत ह्या दोन आंकड्यांची गांठ घालून देणें, हाच तो छंद होय. इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, अमेरिका वगैरे देशांत त्याचे उपासक पुष्कळ आहेत.

प्रथमदर्शनीं हा उद्योग कोणास निव्वळ रिकामटेकडेपणाचा वाटेल. परंतु त्यांत इतिहास आहे, गणित आहे, आणि मुख्य म्हणजे पुरावा कशास म्हणावें ह्याचा एक उत्तम धडा आहे. तो धडा मुलांस व त्यांच्या पालकांस सारखाच उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

ह्या छंदाचीं मुळें इंग्लंडांत, रेल्वेच्या फलाटावर व युद्धाच्या धामधुमींत, अशीं दोन्हीकडे सांपडतात. इ. स. १९४२ मध्यें लंडनच्या वॉटर्लू स्टेशनांत रेल्वेच्या कचेरींत काम करणाऱ्या इयन ॲलन नांवाच्या तरुणानें आपल्या कंपनीच्या इंजिनांची क्रमवार यादी एका छोट्या पुस्तकाच्या रूपानें प्रसिद्ध केली. खिशांत ती यादी, हातांत पेन्सिल, आणि फलाटाच्या टोंकाशीं उभें राहून आलेल्या इंजिनाच्या क्रमांकावर रेघ ओढावयाची, हें तेथील असंख्य मुलांचें वेड होऊन बसलें. आकाशाकडे पाहणारांची गोष्ट मात्र अधिक गंभीर होती. इ. स. १९२५ मध्यें स्थापन झालेल्या निरीक्षक दलाचे स्वयंसेवक दुर्बीण घेऊन ऊनपावसांत उभे राहात व येणारें विमान कोणाचें व कोणत्या जातीचें हें त्याच्या आकृतीवरून ओळखून वर्दी देत. इ. स. १९४१ मध्यें त्या दलास राजमान्यतेची पदवी मिळाली, आणि त्याच वर्षीं विमानें ओळखावयास शिकविणारें ‘दि एअरोप्लेन स्पॉटर’ हें नियतकालिक निघूं लागलें. युद्ध संपलें, तें नियतकालिकही १९४८ मध्यें बंद पडलें. परंतु वर पाहण्याची व पाहिलेलें टिपून ठेवण्याची जी संवय लागली ती कायमची राहिली.

आतां त्या अदृश्य आंकड्याकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं रडार हें नवें साधन हातीं आलें. त्यामुळें दूरचें विमान दिसूं लागलें खरें, पण तें केवळ एका प्रकाशाच्या ठिपक्याच्या रूपानें. हा ठिपका मित्राचा कीं शत्रूचा, हें तो ठिपका सांगत नसे. म्हणून आपल्या विमानांत एक यंत्र बसविण्याची युक्ति निघाली. रडारची लहर त्यावर येऊन आपटली कीं, तें यंत्र ठराविक उत्तर परत पाठवी. प्रश्न विचारतांच पढविलेलें उत्तर देणाऱ्या ह्या यंत्रास ब्रिटिश वैमानिकांनीं ‘पोपट’ असें गुप्त नांव दिलें होतें. त्यावरूनच, यंत्र सुरू कर असें सांगावयाचें झाल्यास ‘ओरड’ अशा अर्थाचा ‘स्क्वॉक’ हा शब्द रूढ झाला, व आजही सर्व जगांतील विमानतळांवर तोच शब्द ऐकूं येतो. यंत्रास पुढें ट्रान्सपॉन्डर म्हणजे प्रतिसादक असें भारदस्त नांव मिळालें. पण बोलीमध्यें पोपट जिवंत राहिला तो राहिलाच.

युद्धानंतर हें यंत्र प्रवासी विमानांतही आलें. त्यांतून चार आंकड्यांचा एक संकेत पाठविला जाई. प्रत्येक आंकडा शून्यापासून सातापर्यंतच असल्यामुळें असे संकेत आठ गुणिले आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ४,०९६ इतकेच होतात. हा संकेत अजूनही वापरांत आहे. ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे बिनतारी संभाषण बंद पडलें, ७५०० म्हणजे विमान कोणी बळजबरीनें ताब्यांत घेतलें, असे त्याचे राखीव अर्थ आहेत. परंतु हा आंकडा विमानाचें नांव नव्हे. तो रेल्वेच्या तिकिटावरील क्रमांकासारखा आहे. त्या प्रवासापुरता दिला जातो व प्रवास संपला कीं त्याचें कामही संपतें.

आकाशांतील गर्दी वाढली तसा चार हजारांचा हा सांठा अपुरा पडूं लागला. तेव्हां १९७० नंतरच्या काळांत अमेरिका व इंग्लंड येथील शास्त्रज्ञांनीं नवी पद्धत तयार केली. तिला ‘मोड एस’ असें म्हणतात. तींत प्रत्येक विमानाला स्वतःचा असा एक कायमचा संकेत मिळतो. हा संकेत चोवीस खुणांचा असतो व प्रत्येक खूण एकतर शून्य असते किंवा एक. गणिताच्या तासाला ज्यांनीं घातांक शिकले आहेत त्यांनीं दोनाचा चोविसावा घात काढून पाहावा. उत्तर १,६७,७७,२१६ येईल. चोवीस खुणा लिहिणें कंटाळवाणें, म्हणून चार चार खुणांचा एक गट करून त्याला एकच अक्षर देतात. चार खुणांचे सोळा प्रकार होतात. त्यांतील पहिल्या दहांस शून्य ते नऊ हे आंकडे, व उरलेल्या सहांस ए, बी, सी, डी, ई, एफ हीं रोमन अक्षरें. अशा रीतीनें सहा अक्षरांत विमानाचें नांव मावतें.

ह्या संकेतांची वांटणी आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेनें देशवार करून दिलेली आहे. ‘ए’ ह्या अक्षरानें सुरू होणारे सर्व, म्हणजे १०,४८,५७६ संकेत, एकट्या अमेरिकेस मिळाले आहेत. ब्रिटनला ४००००० पासून ४३एफएफएफ पर्यंत, आणि आपल्या भारताला ८००००० पासून ८३एफएफएफ पर्यंत, असे प्रत्येकी २,६२,१४४ संकेत आहेत. त्यामुळें यंत्राच्या पडद्यावर ८० ते ८३ ह्यांनीं सुरू होणारा संकेत उमटला तर विमान भारताच्या यादींतील, हें जाणत्यास तत्काळ कळतें. पहिलीं अक्षरें गांव सांगतात व उरलेलीं नांव. ब्रिटनच्या वांट्यांतील ४३सी ह्यानें सुरू होणारा गट तेथील लष्करी विमानांकडे असतो, हेंही निरीक्षणानें सर्वांस माहीत झालें आहे.

हें बोलणें १,०९० मेगाहर्ट्झ ह्या लहरींवर चालतें. मोठ्यांत मोठा संदेश ११२ खुणांचा असतो व तो सेकंदाच्या अवघ्या १२० दशलक्षांश भागांत संपतो. कोणीं विचारलें नाहीं तरी मोड एस यंत्र सुमारें सेकंदास एकदां आपला संकेत आपण होऊन उच्चारतें. तो ऐकावयास सुमारें सात सेंटिमीटर लांबीची उभी तारही चालते. कारण त्या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर असून तिचा चौथा हिस्सा तेवढाच येतो. मध्यें डोंगर किंवा इमारत आड नसेल, तर पस्तीस हजार फूट उंचीवरून जाणाऱ्या विमानाचें बोलणें चारशें किलोमीटरांवरूनही ऐकूं येऊं शकतें.

एके काळीं असें यंत्र सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर होतें. इ. स. २००५ च्या सुमारास छांदिष्टांसाठीं तयार केलेलीं यंत्रें बाजारांत आलीं. पण तींही महागच होतीं. पुढें संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठीं विकला जाणारा एक स्वस्त, बोटाएवढा ग्राहक ह्याही लहरी पकडूं शकतो असा शोध लागला, आणि इ. स. २०१२ मध्यें इटलींतील साल्व्हातोरे सान्फिलिप्पो ह्या संगणकतज्ज्ञानें त्या लहरींतून विमानांचे संदेश उलगडणारी आज्ञावली लिहून सर्वांस फुकट दिली. तेव्हांपासून विद्यार्थ्याच्या खाऊच्या पैशांतही हा छंद बसूं लागला.

आतां दुसरा, डोळ्यांना दिसणारा आंकडा. ब्रिटिश लष्करी विमानांवर दोन अक्षरें व तीन आंकडे लिहिलेले असतात. तेथील हवाई दलानें घेतलेलीं आठ सी-१७ मालवाहू विमानें झेडझेड१७१ पासून झेडझेड१७८ पर्यंत क्रमानें आहेत. पण हा क्रम नेहमींच इतका सरळ नसतो. महायुद्धाच्या काळांत शत्रूनें क्रमांक मोजून विमानांची संख्या ताडूं नये, म्हणून मधले कित्येक क्रमांक मुद्दाम गाळले जात. अमेरिकेची पद्धत निराळी. विमानाची खरेदी ज्या आर्थिक वर्षांतील, त्या वर्षाचे शेवटचे दोन आंकडे आधीं व पुढें क्रमांक. शेपटीवर लिहितांना वर्षाचा पहिला आंकडा गाळतात. अमेरिकेच्या अध्यक्षांसाठीं तयार केलेल्या दोन निळ्यापांढऱ्या विमानांपैकीं एकाचा क्रमांक ९२-९००० असा आहे. त्याच्या शेपटीवर तो २९००० असा दिसतो. पद्धत ठाऊक नसणाऱ्यास हे दोन वेगळेच आंकडे वाटतील.

नागरी विमानांच्या बाबतींत दोन आंकड्यांचा मेळ घालण्यांत कांहींच पुरुषार्थ नाहीं. ब्रिटनच्या नागरी नोंदपुस्तकांत विमानाच्या नोंदीजवळच त्याचा संकेत छापलेला असतो. अमेरिकेंत तर तो गणितानें काढतां येतो. एन१ ह्या नोंदणीचा संकेत ए००००१ असून पुढची वाट ठरलेली आहे. परंतु लष्करी विमानांची अशी यादी कोणतेंही सरकार छापून वांटीत नाहीं. येथें प्रत्येक जोडी कोणीतरी स्वतः पाहून, स्वतः ऐकून मिळवावी लागते. खरा छंद येथूनच सुरू होतो.

समजा, एक गृहस्थ रस्त्याच्या कडेस, सर्वांस मोकळ्या असलेल्या जागीं बसला आहे. त्याच्या यंत्रावर एक अनोळखी संकेत उमटतो. सोबत उंची येते: तीन हजार फूट, दोन हजार, एक हजार. तेवढ्यांत एक विमान डोक्यावरून उतरतें व तो दुर्बिणींतून शेपटीवरील आंकडा वाचतो. वाटेल कीं, झालें काम. पण अनुभवी मनुष्य एवढ्यावर वहींत शाईनें लिहीत नाहीं. तो पेन्सिलीनें लिहितो. कां? कारण लष्करी विमानें थव्यानें उडतात तेव्हां पुष्कळदां फक्त पुढाऱ्याचेंच यंत्र बोलत असतें व मागून येणारीं मुकीं असतात. पाहणाऱ्याची नजर मागच्यावर गेली, तर पुढाऱ्याचें नांव मागच्यास चिकटतें. शिवाय कधीं यंत्र बदलतांना कारागिराकडून जुनाच संकेत राहून जातो, आणि एका विमानाचें नांव घेऊन दुसरें हिंडूं लागतें. कांहीं लष्करी विमानांत तर संकेत मुद्दाम बदलण्याचीही सोय असते. म्हणून तीच जोडी दुसऱ्या दिवशीं, शक्य तर दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनीं पुन्हां जुळली, म्हणजेच ती पक्की समजावयाची.

तर्काचा मोह हा ह्या छंदांतील सर्वांत मोठा शत्रु आहे. एका तुकडीचीं विमानें एकदम घेतलीं कीं त्यांना संकेतही बहुधा ओळीनें मिळतात. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या विमानाचे संकेत ठाऊक झाले, तर तिसऱ्याचा कोणता हें सांगण्यास पंडित नको. तरीसुद्धां तो तर्कच. चांगल्या टिपणवहींत ‘पाहिलें’ व ‘अनुमान केलें’ अशीं दोन निरनिराळीं सदरें असतात. ज्यानें तीं एक केलीं, त्याची सगळी वहीच निकामी झाली. कारण तींतील कोणती ओळ खरी हें पुढें त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं.

ह्या कामांत अनोळखी माणसांचें साह्यही मोलाचें असतें. पुष्कळ लष्करी विमानें संकेत उच्चारतात, पण आपला ठावठिकाणा सांगत नाहींत. अशा वेळीं निरनिराळ्या गांवीं बसलेल्या चौघांनीं एकच संदेश नेमका कोणत्या क्षणीं ऐकला ह्याची तुलना केली, तर त्या अंतरावरून विमानाची जागा काढतां येते. लहर सेकंदाच्या एक दशलक्षांश भागांत सुमारें तीनशें मीटर जाते. म्हणून घड्याळें मात्र अतिशय अचूक हवींत. एकमेकांचें तोंडही न पाहिलेले चौघे जण अशा रीतीनें एका विमानाचा ठाव काढतात.

ऐकलेलें व पाहिलेलें ह्यांत किती अंतर पडूं शकतें, ह्याचें एक उदाहरण इ. स. २०१८ मध्यें घडलें. त्या वर्षीं २६ डिसेंबर रोजीं अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प हे इराकमधील आपल्या सैनिकांना भेटावयास गुप्तपणें निघाले होते. बरोबरच्या वार्ताहरांनाही मौन पाळावयास सांगितलें होतें. विमान इंग्लंडवरून चाललें असतां त्याचें बोलावण्याचें नांव ‘रीच ३५८’ असें होतें. ‘रीच’ हें अमेरिकन हवाई दलाच्या सामान्य वाहतूक विमानांचें नांव. तें ऐकून कोणीं मानहि वर केली नसती. परंतु आकाश स्वच्छ होतें. शेफिल्डजवळ एका हौशी छायाचित्रकारानें वर पाहिलें, तों चार इंजिनांचें तें निळेंपांढरें विमान स्पष्ट दिसलें. त्यानें टिपलेलें चित्र प्रसिद्ध झालें, आणि सरकारी घोषणेच्या आधींच जगभरच्या छांदिष्टांनीं दोन व दोन चार केले. कान एक सांगत होता व डोळा दुसरें. आणि डोळा खरा ठरला.

ह्या प्रसंगानें एक अवघड प्रश्न उभा केला. छायाचित्रकारानें कोणतेंही वचन मोडलें नव्हतें, कायदाही मोडला नव्हता. उघड्या आकाशांत जें दिसलें तेंच त्यानें दाखविलें. पण विमान अद्याप मार्गांत होतें आणि त्यांत माणसें होतीं. जोडी खरी आहे एवढ्यानेंच ती त्याच घटकेस बोलून दाखवावी काय? आमच्या मतें, वहींत लिहिण्याची घाई करावी व जगास सांगण्याची करूं नये. खरी गोष्ट दोन दिवसांनीं सांगितली तरी खरीच राहते. पण एकदां तोंडांतून गेलेली परत घेतां येत नाहीं.

छंद कितीही निष्पाप असला तरी परक्याच्या डोळ्यांना तो तसा दिसेलच असें नाहीं. इ. स. २००१ च्या नोव्हेंबरांत ग्रीस देशांतील कालामाता येथील हवाई तळाच्या परिसरांत बारा ब्रिटिश व दोन डच विमानप्रेमींना अटक झाली. त्यांच्या वह्यांत विमानांचे आंकडे होते. आणि आंकडे टिपणें हा कोणाचा विरंगुळा असूं शकेल, हें तेथील अधिकाऱ्यांना पटेना. कित्येक आठवडे त्यांस तुरुंगांत काढावे लागले. इ. स. २००२ च्या एप्रिलमध्यें आठ जणांस हेरगिरीबद्दल तीन वर्षांची, व सहा जणांस साह्य केल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अपील चालून सर्व निर्दोष सुटले. परंतु मधलें वर्ष त्यांना कोण परत देणार?

आपल्या देशांतही १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा लागू असून हवाई दलाचे तळ हीं त्याप्रमाणें निषिद्ध स्थळें आहेत. तेव्हां हा लेख वाचून कोणीं मुलानें दुर्बीण वा कॅमेरा घेऊन लष्करी तळाच्या कुंपणाशीं जाऊं नये, हें आम्ही स्पष्टपणें बजावून ठेवितों. पालकांनींही तिकडे लक्ष द्यावें. हा छंद ज्या देशांत मुभा आहे तेथेंच शोभतो. आपल्याला त्यांतून घ्यावयाची आहे ती त्याची शिस्त. आणि ती कोठेंही आचरणांत आणतां येते. झाडावरील पक्षी ऐकून त्याचें नांव लिहावयाचें असो, कीं एखाद्या सोबत्याविषयीं कानावर आलेली गोष्ट दुसऱ्यास सांगावयाची असो, नियम तोच. ऐकलेलें एका सदरांत, पाहिलेलें दुसऱ्या सदरांत, आणि अनुमान तिसऱ्यांत. दोन साक्षी जुळल्याखेरीज शाईनें लिहूं नये. आणि शाईनें लिहिलेलेंही केव्हां बोलावें, ह्याचा क्षणभर विचार करावा.

पोपट पढविल्याप्रमाणें बोलतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. तें खरें कीं खोटें हें पाहण्याचें काम ऐकणाऱ्याचें आहे.